गुड फ्रायडेचे सात उद्गार आधी सुटे करा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "बाई, सलाम. मी नाशिकरोडची. संडे स्कूल, मग युवक संघ, असं सगळं चर्चमध्येच झालं. आता पाळकांनी तरुणांचा बायबल अभ्यास माझ्याकडे सोपवलाय. मी शाळेत विज्ञान शिकवते. यहोशवाचं पुस्तक वाचताना अंगावर काटा येतो. 'स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे' हे वचन मी बाई असून उभी राहून कसं वाचू? विश्वास सोडायचा नाही, पण डोळे मिटूनही वाचायचं नाही. उदारमतवादी पद्धतीनं अभ्यास करतात म्हणजे नेमकं काय करतात? आणि सुरुवात कुठून करू?"

सलाम. मी पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, मधे दोन वर्षं बिनपगारी रजा काढून पुण्यात धर्मशास्त्राचा अभ्यासक्रम केला, आणि गेली अठ्ठावीस वर्षं नाशिकला शरणपूर रोडवर आमच्या घरी दर गुरुवारी संध्याकाळी आठ-दहा जण बायबल उघडून बसतो. त्या जोरावर लिहिते. चुकले तर तुम्हा विज्ञानवाल्यांना चुका काढायची सवय असतेच.

उदारमतवादी म्हणजे पटेल ते घेणारे आणि न पटेल ते गाळणारे, असं तू ऐकलं असशील. गाळतात सगळेच. स्तोत्र 137, बाबेलमध्ये कैद करून नेलेल्या, तिथल्या नद्यांकाठी बसून रडणाऱ्या यहुद्यांचं, तू शंभरदा ऐकलं असशील. त्याचं शेवटचं वचन उपासनेत कधी ऐकलंस? बाबेलची तान्ही मुलं खडकावर आपटणाऱ्याला तिथे धन्य म्हटलंय. आमच्याकडे वाचन नेहमी सहाव्या वचनावर थांबतं, आणि थांबवणारे कोणी उदारमतवादी नसतात. माझ्या लेखी या पद्धतीचा पहिला नियम एवढाच की गाळायचं नाही. ते वचन घर जळालेल्या, देशोधडीला लागलेल्या माणसाच्या तोंडचं आहे. ती देवाची आज्ञा नाही, त्या माणसाचा संताप आहे, आणि तो संताप कोणी पुसून टाकला नाही म्हणून पंचवीस शतकांनंतर आपल्यापर्यंत पोचला. एवढं कळायला आधी ते मोठ्यानं वाचावं लागतं.

आता एक प्रयोग सांगते. नव्या माणसाला मी हाच देते. तुमच्याकडे गुड फ्रायडेला तीन तासांची उपासना होत असेल: येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार, सात वक्ते, मधे गीतं, आणि तिसऱ्या उद्गारानंतर मागच्या बाकावर पेंगणारे कोणीतरी काका. येशूचं चरित्र सांगणारी चार शुभवर्तमानं आहेत, मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांची; हे सातही उद्गार त्यातल्या कुठल्या एकात आहेत ते शोध. कुठल्याच एकात नाहीत. मार्क आणि मत्तयाकडे एकच आहे, देवा, तू माझा त्याग का केलास, हा. लूककडे तो नाही. त्याच्याकडे वेगळे तीन आहेत: मारणाऱ्यांना क्षमा, शेजारच्या अपराध्याला सुखलोकाचं वचन, आणि शेवटी आत्मा पित्याच्या हाती सोपवणं. त्यातलं क्षमेचं वचन काही फार जुन्या हस्तलिखितांत सापडत नाही, हे जाता जाता. योहानाकडे आणखी तीन आहेत: आईला शिष्याच्या हवाली करणं, तहान, आणि 'पूर्ण झाले'.

मग बाकी सगळं विसरून मार्कचा 15 वा अध्याय एका दमात वाच. तिथला येशू एकटा आहे. शिष्य पळालेत, बरोबर खिळलेले दोघंही त्याची निंदा करताहेत. क्षमेचा शब्द नाही, सुखलोकाचा नाही. एकदा आक्रोश, मग एक मोठी आरोळी, आणि संपलं. थोडं थांबून योहानाचा 19 वा वाच. हा येशू वधस्तंभ स्वतः वाहतो, खांबावरून आईची सोय लावतो, आणि काम आटोपल्यावर मान लववतो. दोन्ही चित्रं एकत्र टांगता येत नाहीत. मार्क बहुतेक अभ्यासकांच्या मते इ.स. 70 च्या आसपास लिहिला गेला, यरुशलेमचं मंदिर पडलं त्या दिवसांत. ज्यांची माणसं मारली जात होती त्यांच्यासाठी तो आक्रोश लिहिलेला आहे. आपण चौघांना एका पंगतीत बसवून सात उद्गार केले आणि तो आक्रोश सातांतला चौथा झाला. त्याच्यावर दहा मिनिटं बोलून वक्ता खाली बसतो, की लगेच पुढचं गीत.

हाच अभ्यास. लेखक वेगळे करायचे, प्रत्येकाला आपापलं म्हणू द्यायचं. त्यासाठी ग्रीक यायला पाहिजे असं नाही. मार्क 6:5 आणि मत्तय 13:58 शेजारी शेजारी ठेव. नासरेथात येशूला महत्कृत्य करता आलं नाही, असं मार्क म्हणतो. मत्तय म्हणतो, त्यानं तिथे फारशी केली नाहीत. एका क्रियापदाची गंमत. मार्क हातात धरून मत्तय लिहीत होता आणि गुरूला 'आलं नाही' हे त्याला लिहववलं नाही, असं बहुतेक अभ्यासक मानतात. निबंध तपासताना शेजारच्याचं बघून लिहिणारी मुलं मी अशीच पकडायची. कुठला शब्द बदललाय यावरून मूळ कुणाचं ते कळतं.

तू विज्ञान शिकवतेस म्हणून बायबलच्या पहिल्या पुस्तकाचं, उत्पत्तीचं सांगते. मराठी वाचकाला इथे फार सोपं आहे, कारण खूण भाषांतरातच दिसते. पहिल्या अध्यायात सगळीकडे 'देव' आहे. दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या वचनापासून तो 'परमेश्वर देव' होतो. तिथूनच क्रमही बदलतो: पहिल्यात झाडं, प्राणी आणि शेवटी स्त्री-पुरुष बरोबरीनं, दुसऱ्यात आधी पुरुष, मग बाग, मग प्राणी, आणि सर्वांत शेवटी स्त्री. जाँ आस्त्र्युक नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं देवाच्या नावांच्या या फरकावर 1753 साली लिहिलं. युलियस वेलहाउझेन या जर्मन विद्वानानं पुढच्या शतकात, बायबलच्या पहिल्या पुस्तकांमागे चार वेगळी मूळ लेखनं आहेत, हा सिद्धान्त नीट मांडला. आज तो जसाच्या तसा फारसं कोणी मानत नाही, पण दोन कथा आहेत याबद्दल वाद उरलेला नाही. पहिल्या अध्यायाचं भांडण डार्विनशी नाहीच. त्यात सूर्य आणि चंद्र ही नावंसुद्धा नाहीत, मोठी ज्योती आणि लहान ज्योती एवढंच. बाबेलमध्ये सूर्य-चंद्र देव होते. तिथे कैदेत राहून आलेल्यांनी त्यांना दिवे करून टाकलं. हे वर्गात सांगितलंस तर मुलं हसतात आणि लक्षात ठेवतात.

हस्तलिखितांचा विषय निघाला की आपल्या मंडळीत कोणीतरी म्हणतंच, हे परदेशी नास्तिकांचे उद्योग. त्यांना मी एकनाथांची आठवण करून देते. नाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीचा अशुद्ध झालेला पाठ शुद्ध केला, आणि यापुढे कोणी त्यात पदरची ओवी घालील तर ते अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवल्यासारखं होईल असं बजावलं. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या अखेरीस, जवळपास तसंच बजावलेलं आहे. नाथांची ज्ञानदेवांवरची भक्ती कमी होती, असं कोण म्हणेल? मार्कचं शुभवर्तमान सर्वांत जुन्या दोन पूर्ण प्रतींत 16:8 वर संपतं, बाया घाबरून कबरेपासून पळतात तिथे. पुढची बारा वचनं नंतरची आहेत. व्यभिचारात धरलेल्या बाईची योहानातली गोष्टही जुन्या प्रतींत नाही. ती मी तरीही शिकवते, आणि मूळ मजकुरातली नाही हे सांगून शिकवते. कोणाचा विश्वास त्यामुळे गेल्याचं मी पाहिलेलं नाही.

भाषांतरं दोन तरी जवळ ठेव. बायबल सोसायटीचं 'पवित्र शास्त्र' घरी असेलच. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' आणखी घे. त्यात आपल्या प्रॉटेस्टंट बायबलमध्ये नसलेली पुस्तकंही मिळतील. यशया 7:14 दोन्हींत काढून बघ. मूळ हिब्रू शब्द 'अल्मा', अर्थ तरुण मुलगी. ग्रीक भाषांतरात तिथे 'पार्थेनॉस' म्हणजे कुमारी आलं, आणि मत्तयानं उतारा ग्रीकमधून घेतला. भाषांतर करणारा काहीतरी निवडतो, आणि त्या निवडीवर पुढे सिद्धान्त उभे राहतात, हे एका शब्दावरून कळतं.

आता तुझं खरं दुखणं. यहोशवा. इस्राएली लोक कनान देश जिंकतात त्याची ही गोष्ट: यरीहोची भिंत पडते आणि आतली माणसं, बाया, पोरं, गुरं कापली जातात. यावर 'देवाची योजना आपल्याला कळत नाही' असं म्हणून पुढे जाणं मला जमत नाही. कॅथलीन केन्यन या पुरातत्त्वज्ञ बाईनं 1952 ते 1958 यरीहोत उत्खनन केलं. ज्या काळात ही चढाई झाली असेल असं मानतात त्या काळचं तटबंदीचं शहर तिला सापडलं नाही. पण उत्खननाच्या आधी पुस्तकच वाच. यहोशवा 11 च्या शेवटी सगळा देश घेतला असं आहे. 13 च्या सुरुवातीला, अजून पुष्कळ देश घ्यायचा राहिलाय. शास्ते 1 मध्ये तर कनानी लोक शेजारीच राहतात अशी यादीच दिलीय. म्हणजे सर्वांना मारलं ही विजयाची बढाई आहे, त्या काळचे सगळेच राजे शिलालेखांवर अशी कोरत. हे कळल्यानं पुस्तक निर्दोष होत नाही. अशा बढाया पुढे खरी माणसं मारायला वापरल्या गेल्या, हेही त्याच तासाला सांग.

बायबल एका सुरात बोलत नाही, हे सर्वांत स्वच्छ दिसतं ते मवाबी लोकांच्या, म्हणजे इस्राएलच्या शेजारच्या मवाब देशातल्या लोकांच्या बाबतीत. अनुवाद नावाच्या पुस्तकातलं 23:3 म्हणतं, मवाबी माणसाला दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नाही. नहेम्या 13 मध्ये हे वाचून दाखवतात आणि परक्यांना वेगळं काढतात. एज्रा 10 मध्ये परक्या बायकांना लेकरांसकट घालवून देतात. आणि त्याच बायबलात रूथ आहे, चार छोटे अध्याय. लेखक तिला 'मवाबी' म्हणायची एक संधी सोडत नाही, आणि शेवटी सांगतो की ही दाविद राजाची पणजी. रूथ कधी लिहिलं यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण ही एज्राला दिलेली कोपरखळी आहे असं मला तरी वाटतं. यशया 56 तर उघड बोलतो: परदेशी आणि षंढ यांनाही आत घ्या, माझं घर सर्व राष्ट्रांसाठी प्रार्थनेचं घर म्हणवलं जाईल. मंदिरातले सराफांचे चौरंग उलथवताना येशू नेमकं हेच वचन म्हणतो.

हे नाशिकमध्ये शिकवताना मी 2 मार्च 1930 ही तारीख फळ्यावर लिहिते. काळाराम मंदिराच्या दारावर बाबासाहेबांचा सत्याग्रह. दारात कोणाला थांबवायचं हा प्रश्न इथल्या पोरांना समजावून सांगावा लागत नाही. मग मी विचारते, आपल्याकडे सोयरीक जमवताना जात विचारतात की नाही? खोली गप्प होते. त्या गप्पपणात एज्रा आणि रूथ दोघंही आपल्या घरात राहतात हे कळतं. यातल्या कोणाच्या बाजूनं उभं राहायचं हे पुस्तक आपल्यासाठी ठरवून देत नाही. मी रूथच्या बाजूनं आहे, कारण येशू त्या बाजूनं चालताना दिसतो. ही माझी निवड आहे, आणि ती निवड आहे हे मी कबूल करते. बायबल शब्दशः वाचणारे म्हणतात, आम्ही निवडत नाही, आम्ही फक्त पाळतो. तिथे आमचं बिनसतं.

स्त्रियांनी गप्प राहण्याचं वचन 1 करिंथ 14:34 चं. तीनच अध्याय आधी, 11:5 मध्ये, बाया मंडळीत प्रार्थना करतात, संदेश देतात, हे ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल गृहीत धरतो. वाद फक्त डोक्यावरच्या पदराचा आहे. काही हस्तलिखितांत 34 आणि 35 ही दोन वचनं 40 व्या वचनानंतर येतात. जागा बदलणारी वचनं ही समासातून आत आलेली असू शकतात; प्रती काढणाऱ्यांना ती नेमकी कुठे घालायची ते कळत नाही. मला हे स्पष्टीकरण पटतं. काहींच्या मते पौल इथे करिंथच्या लोकांचं म्हणणं सांगून पुढे ते खोडतो. काही असो, तू उभी राहून ते वचन खणखणीत वाच, आणि न थांबता रोमकरांस 16 वाच. फिबी, प्रिस्का, युनिया अशी बायकांची नावं ओळीनं येतात. फिबीसाठी पौल जो 'दियाकोनोस' शब्द वापरतो तोच स्वतःसाठीही वापरतो. मराठीत ती 'सेविका' होते आणि ऐकणाऱ्याला वाटतं बाई झाडलोट करत असेल. आणि हे सांगायला विसरू नकोस की केडगावच्या पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून सबंध बायबल एकहाती मराठीत आणलं, 1922 साली त्या वारल्या तेव्हा काम नुकतंच हातावेगळं झालं होतं. गप्प राहण्याचं ते वचनसुद्धा त्यांच्याच लेखणीतून उतरलं.

शरणपूरचं एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. इंग्रजी आरमारानं गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं मुंबईहून इथे, मिशनच्या वस्तीत आणली जात. इथे ती शिकली, सुतारकी-लोहारकी शिकली. त्यातलाच जेकब वेनराइट. 1873 मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन हा मिशनरी-प्रवासी आफ्रिकेत वारला तेव्हा त्याचं हृदय झाडाखाली पुरताना दफनाची प्रार्थना यानं वाचली, मृतदेहाबरोबर इंग्लंडला गेला, आणि 1874 साली वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत होता. आता त्याच्या हातातल्या बायबलची कल्पना कर. कलस्सैकरांस 3:22 त्याला सांगतं, दासांनो, धन्याची आज्ञा पाळा. अमेरिकेच्या दक्षिणेतले उपदेशक याच वचनावर मळे चालवत होते. आणि त्याच पुस्तकात फिलेमोनाला लिहिलेलं पत्र आहे: पळालेल्या अनेसिमाला दास म्हणून नको, प्रिय बंधू म्हणून परत घे. गुलामगिरी पाप आहे असं सबंध बायबलात कुठेही सरळ म्हटलेलं नाही. ती संपवणाऱ्यांनी बायबल वाचूनच संपवली, चालवणाऱ्यांनीही वाचूनच चालवली. म्हणून 'बायबल काय म्हणतं' एवढ्यावर मी थांबत नाही. वाचणारा कोण आहे आणि वचनाचा भार कोणाच्या पाठीवर पडतोय, हे मी पुढे विचारते.

आता माझी एक चूक. पहिल्याच वर्षी, पुण्याहून नवं शिकून आलेली मी, स्तोत्र 23 घेतलं आणि सांगून टाकलं की हे दाविदानं लिहिलंय असं नाही, वरचा मथळा नंतरचा आहे, हिब्रूत त्याचा अर्थ 'दाविदासाठी' असाही होतो. आमच्यात एक आजी होत्या. मुलगा वर्षापूर्वी घाटात अपघातात गेलेला. त्या काही बोलल्या नाहीत, पुढचे तीन गुरुवार आल्या नाहीत. मी घरी गेले. चहा टाकता टाकता म्हणाल्या, "लिहिणारा कोणी का असेना बाई, पण तू त्या दिवशी खोऱ्यापर्यंत आलीच नाहीस." खरं होतं. तासभर मी मथळ्यावरच बोलत बसले होते, मृत्यूच्या छायेच्या खोऱ्यातही देव सोबत आहे या त्यातल्या वचनापर्यंत पोचलेच नव्हते. तेव्हापासून माझा नेम आहे: एखादी माहिती दिल्यानं वचन जास्त कळत असेल तर द्यायची, मी किती शिकलेय एवढंच कळत असेल तर गिळायची.

आपल्या बाजूचा एक खड्डाही दाखवून ठेवते. उदारमतवाद्यांचा येशू हळूहळू कॉलेज रोडवर कॉफी प्यायला बसणारा समजूतदार, सुशिक्षित माणूस होतो. अल्बर्ट श्वाइत्झर या धर्मशास्त्रज्ञानं 1906 सालीच दाखवलं होतं की शंभर वर्षांच्या विद्वानांनी येशूचा शोध घेताना शेवटी आपलंच तोंड पाहिलं. इथे उभे असलेल्यांपैकी काही जण मरण्याआधी देवाचं राज्य आलेलं पाहतील, असं मार्क 9:1 चा येशू म्हणतो. डोळा काढून टाक म्हणतो, गेहेन्नाची, म्हणजे नरकाची, भीती घालतो. हे आम्ही गाळतो. आणखी एक: येशू किती मोकळा हे दाखवायला परूशांना, म्हणजे धर्मनियम कसोशीनं पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांना, आम्ही खलनायक करतो. यहुदी लोकांवर ख्रिस्ती युरोपनं जे केलं त्यात त्या सवयीचा वाटा आहे, आणि आमचे मोठमोठे विद्वान त्यात सामील होते, वेलहाउझेनसुद्धा.

सुरुवात फिलेमोनपासून कर. पंचवीसच वचनं आहेत, दहा मिनिटांत सगळ्यांना मिळून वाचता येतात. पहिल्या दिवशी काही समजावू नकोस; एकाला फिलेमोन कर, एकाला अनेसिम, एकीला त्या घरातली अफ्फिया, आणि पत्र ऐकल्यावर प्रत्येकानं काय केलं असतं ते सांगू दे. मग मार्क, पण एका बैठकीत अख्खा, मोठ्यानं. दोन तास लागतात. मधे चिवडा-चहा ठेव. त्यानंतर रूथ. यहोशवाला वर्षभर हात लावू नकोस, आधी एकमेकांवर विश्वास बसू दे. आणि पाळकांना सगळं आधी सांग. त्यांना दुसऱ्याच्या तोंडून कळलं की चांगला माणूसही बिथरतो. आमच्याकडे एकदा तसं झालं आणि चार महिने अभ्यास बंद राहिला. त्यात चूक निम्मी माझीही होती.

एखाद्या गुरुवारी सहानंतर ये. माझ्याकडे रमाबाईंच्या भाषांतराची जुनी प्रत आहे, शिवण सुटलीय, पानं हातात येतात. इथे बसून हवी तेवढी बघ. घरी न्यायला देणार नाही.